लष्करी खर्च आणि प्रदेशाचा उत्कर्ष : वऱ्हाडातील एक उदाहरण

१. प्रश्नाचे स्वरूप

विकासाच्या वाटेवर असलेल्या राष्ट्राने आपल्या उत्पन्नाचा किती हिस्सा सैन्यावर खर्च करावा, हा प्रश्न राजकारणाचा आहे तितकाच अर्थशास्त्राचाही आहे. त्यास सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे की, अशा राष्ट्रांत भांडवलाची टंचाई असल्यामुळे तोफेवर खर्चिलेला रुपया हा कालवे, शाळा व कारखाने ह्यांच्या तोंडचा काढून घेतलेला घास होय. दुसरे उत्तर ह्याच्या उलट आहे. सैन्य हे स्वतःच एक मोठे गिऱ्हाईक असते. ते धान्य, कापड, जनावरे व वाहने विकत घेते, खेड्यातील तरुणाला यंत्र हाताळावयास शिकविते, रस्ते व पूल बांधते. तेव्हा लष्करी खर्च हाही व्यापारास चालना देणारा खर्चच आहे, असे ह्या पक्षाचे म्हणणे असते.

दोन्ही मतांना आकडेवारीचा आधार मिळालेला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एमिल बेनॉइट ह्यांनी चव्वेचाळीस विकसनशील देशांच्या १९५० ते १९६५ ह्या काळातील आकड्यांचा अभ्यास करून १९७३ साली असे दाखविले की, ज्या देशांत संरक्षणाचा भार अधिक होता त्यांतील आर्थिक वाढीचा वेगही सामान्यतः अधिक होता. दहा वर्षांनी, १९८३ साली, सादेत देगर आणि रॉन स्मिथ ह्यांनी पन्नास देशांचे आकडे निराळ्या पद्धतीने मांडले. त्यांचा निष्कर्ष असा की, सैन्यामुळे आधुनिकतेस थोडी चालना मिळते हे खरे, परंतु बचतीवर त्याचा जो अनिष्ट परिणाम होतो तो जमेस धरला असता एकंदर हिशेब तोट्याचाच ठरतो. शिवाय बेनॉइट ह्यांच्या यादीतील अनेक देशांना त्याच काळात परकीय मदत मिळत होती. वाढीचे श्रेय सैन्याचे की त्या मदतीचे, हा वाद मिटलेला नाही.

ह्या वादात एक गोष्ट मागे पडते. खर्च 'किती' झाला ह्याचीच चर्चा अधिक होते. तो कोणत्या वाटेने गेला, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, आणि जेथून महसूल निघाला त्या मुलखाकडे त्यातील काही परतले की नाही, ह्याचा विचार एकंदर बेरजेत करता येत नाही. तो करावयाचा तर एखादा लहान प्रदेश दीर्घ काळ न्याहाळावा लागतो. वऱ्हाड हा असा प्रदेश आहे. त्यातही पोहरादेवीसारखे स्थान घेतले असता लष्करी खर्चाची निरनिराळी रूपे एकाच ठिकाणी भेटतात.

२. पोहरादेवी आणि तांड्याचे शब्द

पोहरादेवी हे गाव वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात आहे. १९९८ साली अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा निर्माण झाला. त्यापूर्वीच्या काळात हा सर्व परिसर जुन्या वऱ्हाड प्रांतात मोडत असे. येथे जगदंबेचे मंदिर व संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. बंजारा समाज ह्या स्थानास आपली काशी मानतो, आणि रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्राप्रमाणेच कर्नाटक, तेलंगण व आंध्र येथूनही लोक येतात. सेवालाल महाराजांचे जन्मवर्ष परंपरेने १७३९ मानले जाते. त्यांच्या जन्मस्थानाविषयी एकमत नाही. परंतु आंध्रातील अनंतपूरकडचा गुत्तीचा परिसर सांगणारी परंपरा बरीच प्रचलित आहे.

गुत्तीकडे जन्म आणि वऱ्हाडात समाधी, हे अंतर आज मोठे वाटते. तांड्याच्या जीवनात ते नित्याचेच होते. ह्या समाजाचा मूळ व्यवसाय बैलांच्या पाठीवरून मालाची ने-आण करण्याचा होता आणि त्याची साक्ष त्याच्या नावांतच आहे. 'लमाण' ह्या शब्दाचा संबंध संस्कृत 'लवण' म्हणजे मीठ ह्याच्याशी, आणि 'बंजारा' वा 'वणजारा' ह्याचा संबंध 'वाणिज्य' ह्या शब्दाशी जोडला जातो. त्यांची बोली राजस्थानी गटातील आहे, आणि दख्खनेत शतके घालवूनही ती टिकून राहिली आहे. तांड्याच्या प्रमुखास 'नाईक' म्हणतात. हाच शब्द भारतीय सैन्यातील एका हुद्द्याचेही नाव आहे.

मराठीत ह्या व्यवहाराची आणखीही चिन्हे उरली आहेत. शत्रूची 'रसद तोडणे' हा वाक्प्रचार आजही चालतो. 'बाजारबुणगे' हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. परंतु फौजेमागून चालणाऱ्या ज्या बाजारी लोकांना तो लावीत, त्यांच्यावाचून फौजेस एक मजलही मारता येत नसे. फौजेस खावयास घालणाऱ्यांचे नाव पुढे निंदाव्यंजक व्हावे, ह्यावरून लष्करी इतिहास लिहिताना कोणाची नोंद राहते आणि कोणाची राहत नाही, हे कळून येते.

३. तांड्याचा हिशेब

रेल्वेपूर्व काळात धान्य लांबवर नेणे हे फार खर्चाचे काम होते. गाडीला रस्ता लागतो, बैलाला वैरण लागते आणि वाटेत जकाती असतात. तांड्याने ह्यातील दोन अडचणी टाळल्या होत्या. पाठीवर गोणी लादलेला बैल डोंगरवाटेनेही जाई, आणि हजारोंचा कळप वाटेतील माळावर व रानात चरत चरत पुढे सरके. वैरणीचा खर्च जवळजवळ नसेच. ह्यामुळे वेग फार कमी, दिवसाला सहा ते आठ मैल, परंतु खर्च इतर कोणत्याही वाहतुकीपेक्षा कमी. धान्य व मीठ ह्यांसारख्या जड व स्वस्त मालाला हीच पद्धत परवडणारी होती.

इंग्रज प्रवासी पीटर मंडी ह्याने १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात धान्य वाहणारा चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याची नोंद केली आहे. फ्रेंच व्यापारी ताव्हर्निये ह्यानेही दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले. धान्य, तांदूळ, डाळी व मीठ वाहणारे चार निरनिराळे गट असत असे तो सांगतो. एका बैलावर सुमारे साडेतीन ते चार मण ओझे धरले, तर चौदा हजार बैलांवर दोन हजार टनांच्या आसपास धान्य होते. माणशी रोज एक किलो ह्या हिशेबाने पन्नास हजार माणसांच्या छावणीस ते चाळीस दिवस पुरेल. ही आकडेमोड ढोबळ असली तरी एक गोष्ट तिने स्पष्ट होते. मोठे सैन्य मोठ्या तांड्याशिवाय उभेच राहू शकत नव्हते, आणि म्हणून राज्यकर्त्यांच्या लष्करी खर्चाचा एक मोठा प्रवाह ह्या फिरत्या व्यापाऱ्यांच्या हातून वाहत होता.

राज्यकर्त्यांना ह्याची पूर्ण जाणीव होती. अल्लाउद्दीन खलजीने दिल्लीत धान्याचे दर बांधून दिले, त्यांचा एक हेतू थोड्या पगारात मोठी फौज बाळगणे हा होता, असे बरनी ह्या इतिहासकाराच्या लेखनावरून दिसते. त्या व्यवस्थेत धान्य आणून पोचविणारे जे 'कारवानी' होते, ते तांड्याचेच पूर्वरूप असावे असे अनेक इतिहासकार मानतात. शहाजहानच्या काळातील दख्खनच्या स्वारीविषयी बंजारा समाजात एक परंपरा आहे. ती वऱ्हाडातील पोलीस अधिकारी कंबरलेज ह्याने १८८२ साली नोंदविली व पुढे रसेल आणि हिरालाल ह्यांच्या १९१६ च्या ग्रंथात आली. तीनुसार भंगी व जंगी ह्या नाईकांचे एक लक्ष ऐंशी हजार आणि भगवानदास वडत्या ह्याचे बावन्न हजार बैल वजीर आसफखानाच्या फौजेबरोबर होते. बैलांची वैरण वेळेवर मिळावी म्हणून नाईकांना लोकांच्या घरातील पाणी घेण्याची, छपरांचे गवत काढण्याची, एवढेच नव्हे तर दिवसाला तीन खून माफ असल्याची सनद मिळाली, असे ही परंपरा सांगते.

संख्या परंपरेतील आहेत, त्या जशाच्या तशा घेण्याचे कारण नाही. तथापि सनदेचा आशय अर्थशास्त्राच्या दृष्टीने फार बोलका आहे. बैलांची वैरण जवळजवळ फुकट होती असे वर म्हटले. पण युद्धकाळी ती फुकट नव्हती. वाटेवरच्या शेतकऱ्याचे छप्पर तिची किंमत देत होते. फौजेचा पैसा तांड्याकडे येई, तांडा तो धान्यबाजारात खर्च करी, म्हणजे व्यापार चाले. परंतु ज्या गावावरून तांडा जाई, त्याच्या वाट्यास व्यापार येईल की छप्पर उडेल, हे ठरविणारा कोणी नव्हता. ही गोष्ट ओळखणारे राज्यकर्तेही होऊन गेले. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. शिपायांनी लागेल ते बाजारातून विकत आणावे, रयतेस कणभरही उपद्रव देऊ नये, नाही तर रयत परागंदा होईल आणि तिला मोगलांपेक्षाही हे अधिक जाचक वाटतील, असा त्याचा आशय आहे. नीतीची शिकवण ह्या पत्रात आहे, तशी राजस्वाची जाणही आहे. लुटून मिळालेले धान्य त्या दिवशी स्वस्त पडते. पुढच्या वर्षी महसूलच येत नाही.

रसदेच्या अभावाची किंमत मराठ्यांना पुढे पानिपतावर द्यावी लागली. १७६० च्या ऑगस्टात दिल्लीत भाऊसाहेबांना दिवाण-ई-खासचे चांदीचे छत काढून सुमारे नऊ लक्ष रुपये उभे करावे लागले. डिसेंबरात रसद जमविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जी फौज लढली ती उपाशी होती. उलट १७९१ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणपर्यंत पोचलेल्या कॉर्नवॉलिसला धान्य व बैल संपल्यामुळे तोफा नष्ट करून मागे फिरावे लागले, तेव्हा त्यास वाचविले ते हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन ह्यांच्या फौजेने. तिच्या बाजारात सर्व काही मिळत होते. मात्र भाव चढे होते. मराठी फौजेबरोबर चालणारा हा बाजार पाहून इंग्रज अधिकारी चकित झाले. त्यानंतरच्या मोहिमांत इंग्रजांनी बंजाऱ्यांना आगाऊ रक्कम व भावाची हमी देऊन मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे वळविले.

४. युद्ध वऱ्हाडात येते

हे शिक्षण पुरे झालेला सेनापती म्हणजे आर्थर वेलस्ली. १८०३ च्या मोहिमेत त्याच्या पत्रव्यवहाराचा केवढा तरी भाग बैल, तांदूळ व बंजारे ह्यांच्याविषयी आहे. २३ सप्टेंबरला असईची, २९ नोव्हेंबरला अकोल्याकडील अडगावची लढाई झाली. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरला नागपूरकर भोसल्यांशी देवगावचा व ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. अडगाव, गाविलगड आणि अंजनगाव ही सर्व ठिकाणे वऱ्हाडातील आहेत. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा भोसल्यांचा हक्क संपला व तो मुलूख निजामाकडे गेला.

तांड्याच्या दृष्टीने ही भरभराटीची शेवटची वर्षे होत. १८१८ नंतर दख्खनेतील फिरत्या फौजा संपल्या. ज्या फौजा उरल्या त्या छावणीत बसलेल्या होत्या, आणि त्यांच्या खर्चाची रीत सर्वस्वी निराळी होती. फिरती फौज जेथे जाईल तेथे पैसा किंवा विध्वंस, किंवा दोन्ही, सोडून जात असे. बसलेल्या फौजेचा पैसा ठरावीक मुलखातून, ठरावीक तारखेस, वर्षानुवर्षे निघू लागला.

५. फौजेसाठी गहाण पडलेला प्रांत

इंग्रज कंपनीच्या संरक्षणाखाली येणाऱ्या संस्थानिकाने तिची फौज आपल्या खर्चाने बाळगावयाची, ह्या व्यवस्थेस मराठीत 'तैनाती फौज' हे नाव पडले. निजामाने १८०० च्या तहाने ह्या फौजेच्या खर्चापोटी म्हैसूरच्या युद्धांत मिळालेला सर्व मुलूख कंपनीस देऊन टाकला. येथवर व्यवहार सरळ होता. खर्चाच्या मोबदल्यात मुलूख गेला आणि हिशेब मिटला.

परंतु हैदराबादेत आणखी एक फौज उभी राहिली. रेसिडेंट हेन्री रसेल ह्याच्या पुढाकाराने संघटित झालेली व पुढे 'हैदराबाद कंटिंजंट' म्हणून ओळखली गेलेली ही फौज निजामाच्या पैशाने चाले, पण तिचे अधिकारी इंग्रज होते. हिंगोली व एलिचपूर येथे तिच्या छावण्या होत्या, म्हणजे पोहरादेवीचा परिसर ह्या दोन छावण्यांच्या मधोमध येतो. १८०० च्या तहात युद्धकाळी निजामाने किती सैन्य पुरवावे हे ठरले होते; शांततेच्या काळात अशी फौज कायम बाळगण्याचे बंधन त्यात नव्हते. ही गोष्ट पुढे खुद्द गव्हर्नर-जनरल डलहौसी ह्यानेही मान्य केली. पण फौज एकदा उभी राहिली की तिचा पगार दरमहा द्यावाच लागतो.

तो देण्यासाठी कर्ज आले. विल्यम पामर आणि कंपनी ह्या हैदराबादेतील पेढीस १८१६ साली निजाम सरकारास कर्ज देण्याची खास परवानगी मिळाली. कंटिंजंटचा पगार ही पेढी आगाऊ देई व त्यावर शेकडा पंचवीसपर्यंत व्याज लावी. हे कर्ज फेडण्यासाठी १८२३ साली निजामाने उत्तर सरकार प्रांताबद्दल दरसाल मिळणाऱ्या सात लक्षांच्या पेशकशीचा कायमचा हक्क सुमारे एक कोटी सहासष्ट लक्ष रुपयांवर सोडून दिला. पामरची पेढी बुडाली, पण पगाराची तजवीज करण्याची रीत तीच राहिली. वऱ्हाडचा महसूल सावकारांना मक्त्याने देण्यात येऊ लागला. पूरणमल सावकार, त्यानंतर पेस्तनजी ह्यांची पारशी पेढी अशांकडे वऱ्हाडचे जिल्हे गेले. पेस्तनजींच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस मुंबईस पाठविण्यात पुढाकार घेतला, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. परंतु मक्तेदाराला दिलेली मुदत लहान आणि राज्याची गरज तातडीची. अशा वेळी शेतकऱ्याच्या पुढील वर्षाचा विचार कोण करणार?

पगाराची थकबाकी वाढत गेली, ती कंपनीने दिली, आणि ती रक्कम निजामाच्या नावावर कर्ज म्हणून चढली. अखेर २१ मे १८५३ रोजी झालेल्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे सुमारे पन्नास लक्ष रुपये वार्षिक उत्पन्नाचे प्रदेश कंपनीच्या ताब्यात गेले. त्या उत्पन्नातून पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ व चार तोफखाने ह्यांचा खर्च भागवावयाचा होता. १८६० साली धाराशिव व दुआब परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. खर्च वजा जाता उरलेली शिल्लक निजामास द्यावयाची असे ठरले, पण कारभाराचा खर्चही वाढत गेल्यामुळे हैदराबादची तक्रार कायम राहिली. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड पंचवीस लक्ष रुपये वार्षिक खंडावर कायमचे भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेले. गमतीची गोष्ट अशी की, ज्या कंटिंजंटसाठी हा प्रांत अडकला होता, ती दुसऱ्याच वर्षी, १९०३ साली, हिंदी सैन्यात विलीन झाली. फौज गेली, प्रांताचे गहाण सुटले नाही.

येथे शब्दांकडे पुन्हा लक्ष दिले पाहिजे. १८०० साली निजामाने दिलेल्या मुलखाचे सरकारी नाव 'सीडेड डिस्ट्रिक्ट्स' होते. तेलुगूत त्यास 'दत्त मंडल' म्हणत. 'रायलसीमा' हे नाव त्यास मिळाले ते १९२८ साली. वऱ्हाडचे सरकारी नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे होते. म्हणजे एक 'दिलेला' मुलूख आणि दुसरा 'लावून दिलेला' मुलूख. दोन्ही फौजेच्या खर्चापोटी. गुत्ती पहिल्यात येते, पोहरादेवी दुसऱ्यात. सेवालाल महाराजांच्या जन्माची एक प्रचलित परंपरा आणि त्यांची समाधी ह्या दोहोंची स्थाने अशा रीतीने सैन्याच्या पगारासाठी तारण पडलेल्या दोन प्रदेशांत आहेत. फौजांना धान्य पोचविणाऱ्या समाजाच्या इतिहासात हा योग यावा ह्यात आश्चर्य नाही. लष्करी खर्चाच्या वाटा आणि तांड्याच्या वाटा दीर्घकाळ एकच होत्या.

६. जमा आणि खर्च

१८५३ नंतर वऱ्हाडची केवळ हानीच झाली असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. मक्तेदारी संपली, जमिनीची पाहणी होऊन सारा ठरला, आणि छावणीचा पगार नियमित झाल्यामुळे हिंगोली व एलिचपूरच्या बाजारांत पैसा खेळू लागला. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये मुंबईहून अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत रेल्वे पोचली. परंतु प्रांताच्या महसुलापैकी किती सैन्यावर जावा हे ठरविण्यात प्रांतातील कोणाचाही हात नव्हता, आणि त्यातून उरेल ते कालव्यांवर की कचेऱ्यांवर खर्चावे, हेही बाहेरच ठरत होते.

हाच आक्षेप अखिल हिंदुस्थानच्या पातळीवर मराठी अर्थचिंतकांनी घेतला. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी १८९७ साली वेल्बी आयोगापुढे दिलेल्या साक्षीत हिंदुस्थानच्या लष्करी खर्चाचा भार, आणि त्या खर्चावर करदात्याचे कोणतेही नियंत्रण नसणे, ह्या दोन गोष्टींवर भर दिला. ब्रह्मदेशाचा उत्तर भाग जिंकणे, वायव्य सरहद्दीवरील सैन्यवाढ आणि रुपयाची घसरण ह्यांमुळे आलेली तूट भरून काढण्यासाठी १८८८ मध्ये मिठावरील कर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये करण्यात आला होता. तूट सरून शिल्लक पडू लागली तरी तो तसाच राहिला. गोखल्यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात ह्या शिलकेचे खरे स्वरूप उघड केले. दुसऱ्या वर्षी मिठावरील कर पुन्हा दोन रुपयांवर आणला गेला. मिठाच्या नावावरून ज्यांना 'लमाण' म्हणत, त्यांच्या मालावर सरहद्दीवरील सैन्याचा खर्च कसा बसत होता, ह्याचे ह्याहून सरळ उदाहरण सापडणे कठीण आहे.

तांड्याला मात्र तोवर मीठही उरले नव्हते. पक्क्या सडका व रेल्वे ह्यांनी बैलांच्या पाठीवरील वाहतूक संपविली. ज्या राज्यसत्तेने १७९२ आणि १८०३ मध्ये बंजाऱ्यांना आगाऊ रकमा दिल्या, तिनेच १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांच्या आधारे निरनिराळ्या प्रांतांत ह्या फिरत्या लोकांकडे संशयाने पाहिले. हे कायदे १९५२ साली रद्द झाले. 'विमुक्त' हे वर्गनाम त्या रद्द होण्यातून आले. वऱ्हाड व यवतमाळकडील डोंगराळ भागात तांडे स्थिरावले, शेती करू लागले, परंतु चांगली जमीन त्यापूर्वीच इतरांच्या नावे लागलेली होती. लष्कराच्या मागणीवर उभा राहिलेला व्यवसाय त्या मागणीबरोबरच कोसळला, आणि त्यातून मिळालेला पैसा पिढ्यान्‌पिढ्या बैलांतच गुंतलेला असल्यामुळे मागे टिकाऊ असे काहीच राहिले नाही.

७. स्वातंत्र्यानंतरचे दोन मार्ग

स्वतंत्र भारताने आरंभी संरक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे दोन टक्क्यांच्या आसपास ठेवला होता. १९६२ च्या चीनी आक्रमणानंतर तो चार टक्क्यांच्या जवळ गेला. ह्या वाढीचा काही भाग महाराष्ट्रात उतरला. नाशिकजवळ ओझर येथे १९६४ साली विमानांचा कारखाना निघाला. विदर्भात भद्रावती व नागपूरजवळ अंबाझरी येथे दारूगोळ्याशी संबंधित कारखाने उभे राहिले. दुसरीकडे, १९६५ चे युद्ध व दोन अवर्षणे ह्यांच्या ताणाखाली १९६६ ते १९६९ ह्या काळात पंचवार्षिक योजनाच थांबवावी लागली. बेनॉइट व देगर-स्मिथ ह्यांचे दोन्ही निष्कर्ष एकाच दशकात, एकाच देशात, असे शेजारी शेजारी दिसतात.

ह्याच दशकात, ५ डिसेंबर १९६३ रोजी, पोहरादेवीच्या शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुली येथील बंजारा कुटुंबात जन्मलेले वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकीर्दीत १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लक्षांच्या घरात गेली. ह्या अनुभवातून आणि वि. स. पागे ह्यांच्या चिंतनातून रोजगार हमी योजना दृढ झाली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासूनचा. योजनेसाठी व्यवसाय करासारखे खास कर बसविण्यात आले व तेवढीच रक्कम शासनाने घालावयाची असे ठरले. म्हणजे पैसा मुख्यतः शहरी नोकरदार व व्यावसायिकांकडून निघाला, कोरडवाहू खेड्यातील मजुराच्या हाती गेला, आणि त्याच्या बदल्यात तलाव, बांध व रस्ते उभे राहिले. कामांच्या दर्जाविषयी तक्रारी झाल्या, त्या रास्तही होत्या. परंतु खर्चाची वाट येथे बदलली होती. २००५ चा केंद्रीय रोजगार हमी कायदा करताना हा अनुभव समोर होता.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून शासकीय वा लष्करी खर्चाची परीक्षा चार प्रश्नांनी करता येते. पैसा कोणाकडून येतो, चालू महसुलातून की कर्जातून ? तो कोणाकडून काय विकत घेतो ? किती खर्चावयाचे हे ठरविणाऱ्यास तो भार सोसावा लागतो काय ? आणि खर्च थांबल्यावर मागे काय उरते ?

फिरत्या फौजेच्या रसदेने देशी व्यापाऱ्याकडून धान्य व वाहतूक विकत घेतली, हे तिचे बळ. मागे काही उरले नाही, हा तिचा दोष. कंटिंजंटचा पैसा कर्जाचा होता आणि निर्णय परक्याचा. म्हणून सात हजारांच्या फौजेने एक संपूर्ण प्रांत अडकवून ठेवला. रोजगार हमीचा आकार लष्करी खर्चाच्या मानाने लहान, पण चारही प्रश्नांना तिच्याकडे काही ना काही उत्तर आहे.

आजच्या संरक्षण खर्चासही हेच प्रश्न लागू पडतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी सुमारे सहा लक्ष एक्क्याऐंशी हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यापैकी सुमारे एक लक्ष एकसष्ट हजार कोटी निवृत्तिवेतनाचे होते. निवृत्त सैनिकाचे वेतन त्याच्या गावाच्या बाजारात खर्च होते; परदेशातून घेतलेल्या शस्त्राची किंमत परदेशी जाते, आणि जगातील मोठ्या शस्त्र-आयातदार देशांत भारताची गणना अनेक वर्षे होत आली आहे. दोन्ही रकमा एकाच शीर्षकाखाली मांडल्या जातात, पण देशाच्या अर्थव्यवहारावरील त्यांचा परिणाम एक नाही. सरहद्दीचे रक्षण हे राष्ट्राचे पहिले कर्तव्य आहे ह्यात शंका नाही. ते कर्तव्य पार पाडताना खर्चाची वाट तपासण्याचा नागरिकाचा हक्क त्याने कमी होत नाही. उलट रक्षणाचा खर्च दीर्घकाळ पेलावयाचा असेल तर ती तपासणी अटळ आहे.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालय पंतप्रधानांच्या हस्ते खुले झाले. शासनाने ह्या समाजाच्या इतिहासाची दखल घेतली, हे योग्यच झाले. त्या इतिहासात वेशभूषा, नगारा व भजन ह्यांच्याबरोबर गोणी, बैल आणि त्यांचा हिशेबही येतो. दोन हजार टन धान्य रस्ता नसलेल्या मुलखातून छावणीपर्यंत नेणारी व्यवस्था ज्यांनी चालविली, त्यांच्या नातवंडांना त्यातील एक बैलही वारशाने मिळाला नाही. हे असे का झाले, ह्याचे उत्तर शोधणे म्हणजेच विकसनशील देशाच्या लष्करी खर्चाचा अभ्यास करणे होय.